देविदास भोयर आणि चौघांचा स्वयंपाक

देविदास भोयर माझ्या खानावळीत पहिल्यांदा आला तो फूटपट्टी घेऊन. बाकीच्या मुलांनी जेवायला सुरुवात केली होती. यानं ताटातली पोळी उचलली, आडवी मोजली, उभी मोजली आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. वाटलं, कुठल्या तरी कचेरीनं खानावळी तपासायला माणूस धाडला. मी घाईघाईनं म्हणाले, "लहान झाली असेल तर दुसरी देते हो."

"लहान नाई, काकू," तो गंभीरपणे म्हणाला. "चहूकडून सारखी हाये. कंपास न घेता हे कसं जमते, ते पाहून राह्यलो."

मी मूळची गुहागरकडची. सातवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि मालकांना आर्वीच्या एसटी डेपोत नोकरी लागली म्हणून इतक्या लांब आले. इथं नारळ मिळत नसे आणि समोरचा काय म्हणाला ते दुसऱ्यांदा विचारावं लागे. हाताला काम हवं म्हणून कॉलेजच्या पाच-सहा मुलांना जेवू घालायला लागले. शिकलेल्या माणसांची मला फार भीती वाटायची. कुणी पुस्तक उघडलं तरी मी पदर सारखा करत असे.

देविदास कारंजा घाडग्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. दारातून आत येताना वाकावं लागेल एवढी उंची, जाड मिशा आणि हात असे की त्यात वाटी दिसेनाशी व्हायची. बी.ए.ला त्यानं गणित घेतलं होतं. गणित घेणारे जूनमध्ये अकरा असायचे, दिवाळीपर्यंत चार उरायचे, असा त्या विषयाचा दरारा. सोबत अर्थशास्त्र. आणि तिसरा विषय आवडीचा घ्यायचा म्हणून या गड्यानं घेतलं गृहअर्थशास्त्र. वर्गात तेवीस मुली आणि हा.

फॉर्म घेणाऱ्या बाबूनं आधी फॉर्म परत केला. मग नियमांचं पुस्तक काढलं, दोन दिवस वाचलं आणि सांगितलं, "विद्यार्थी बाईच पाहिजे असं कुठंच लिहिलं नाई बुवा. लिहायचं कोणाच्या ध्यानातच आलं नसन." प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. त्यांनी अट घातली. सहामाहीत गणितात साठाच्या खाली आलास किंवा स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकात नापास झालास, की मुकाट्यानं राज्यशास्त्र घ्यायचं.

"राज्यशास्त्राच्या तासाले सरच जांभया देते," देविदास मला म्हणाला. "मंग पोरं काऊन जागी राह्यतील? काकू, तो विषय मले नाई पाह्यजे. गणित मले घाम फोडते. दिसभरात एक तास तरी असा पाह्यजे का तिथं मी हासत जाईन."

"पण स्वयंपाक येतो का तुला?"

"येते नं. दोनशे माणसांचा येते."

हे खोटं नव्हतं. गावच्या महाप्रसादाचा स्वयंपाक त्याच्या वडिलांच्या हाती असे, आणि हा लहानपणापासून कढईत फावडं फिरवत आला होता. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, काहीही सांगा, दोनशेला काय लागतं ते पाठ. पंचाईत एवढीच की परीक्षेत चौघांच्या कुटुंबाचं जेवण करायचं होतं. चौघांचा स्वयंपाक त्यानं जन्मात केला नव्हता.

त्याला त्यात काही अवघड दिसेना. "पन्नासानं भागायचं," तो म्हणाला, आणि संध्याकाळी माझ्या ओट्यापाशी बैठक मारून भागायला लागला. सोळा किलो तुरीची डाळ म्हणजे तीनशे वीस ग्रॅम. दोन किलो मीठ म्हणजे चाळीस ग्रॅम. एक हिंगाची डबी म्हणजे डबीचा पन्नासावा भाग. तो त्यानं ब्लेडनं कागदावर वेगळा काढला आणि मी फुंकणी फुंकल्यावर उडून गेला.

पहिल्या दिवशी वरण जळलं. मोठ्या हंड्याला लागणारं पाणी पन्नासानं भागून त्यानं माझ्या पातेलीत ओतलं होतं, आणि माझी पातेली काही हंड्याची पन्नासावी लेक नव्हती. दुसऱ्या दिवशी भाजी इतकी तिखट झाली की मालक डेपोतून येऊन एक घास खाऊन पुन्हा डेपोत गेले. देविदास वही तपासत बसला. "हिशोब बरोबर हाये, काकू," तो म्हणायचा. "चवच चुकून राह्यली."

"अरे, अंदाजानं घालावं."

तो पेन्सिल सरसावून विचारी, "अंदाज म्हंजे किती ग्रॅम?"

मग मी त्याची वही फडताळावर ठेवून दिली. मीठ चिमटीत घ्यायला लावलं, तर त्याच्या चिमटीत माझी मूठभर यायची. रोज चौघांपुरतं करायचं, आणि मी चाखून दहापैकी गुण द्यायचे, असं त्यानं ठरवलं. लाल पेन्सिलही आणून दिली. मी कुणाला गुण देणार? घाबरून रोज सात देत गेले. जळलं तरी सात, कच्चं राहिलं तरी सात. आठवडाभरानं तो हात जोडून म्हणाला, "काकू, तुमचे सात खाऊन मी नापास होईन." त्या दिवशी मी डोळे मिटून दोन दिले आणि रात्रभर मला झोप नाही. सकाळी हा आनंदानं सांगत आला, "दोन कशाचे ते समजलं. फोडणी कच्ची होती."

तांदूळ शिजेपर्यंत तो गणितं सोडवी. त्यात एक लांबुळकी, हुकासारखी खूण सारखी यायची. मला वाटायचं, यावर शिंकाळं टांगता येईल.

गणिताचा पेपर झाला, एकाहत्तर आले. राहिलं प्रात्यक्षिक. मुलाला आम्हीच पास केलं असं कुणी म्हणू नये म्हणून प्राचार्यांनी सहामाहीलाच बाहेरून परीक्षक बोलावल्या. कडक इस्त्रीच्या साडीतल्या, कडक बाई. देविदासनं मला बळंच नेलं. "तुम्ही नुसत्या वऱ्हांड्यात उभ्या राह्यजा. तुमचं तोंड दिसलं का हात बरोबर चालते."

मी दाराशी उभी राहिले. हात खरंच बरोबर चालला. चिमूट, पळी, आच, सगळं. फोडणीचा वास सुटला तसा माझ्या शेजारी कॉलेजचा शिपाई येऊन उभा राहिला. मग झाडणाऱ्या बाई, मग फॉर्मवाला बाबू. परीक्षक आतल्या टोकाला मुलींची ताटं तपासत होत्या. देविदासनं गॅस बंद केला, वर पाहिलं, आणि दारात जेवणाच्या वेळी चार माणसं उभी दिसली.

त्याच्या घरात दारातल्या माणसाला उभं ठेवून झाकण उघडत नसत. त्यानं परीक्षा आहे वगैरे काही मनात आणलं नाही. "बसा," म्हणाला. आम्ही बसलो. शिपाई म्हणाला, "आमाले कायले वाढतं रे, पोरा?" तर यानं त्याला दुसऱ्यांदा वाढलं. मी खुणा करत होते, त्याला वाटलं मला भात हवाय. भात आला.

परीक्षक बाई वळल्या तेव्हा पातेलं रिकामं होतं.

"जेवण कुठाय?"

"वाढलं, मॅडम. दारात होते त्यांले."

"मग मी काय तपासू?"

देविदासनं चहूकडे पाहिलं. "पातेलं अजून घासलं नाई," तो म्हणाला.

तेवीस मुलींनी पदर तोंडाशी नेले. बाईंनी लेखणीचं टोपण लावलं. माझ्या डोळ्यांपुढं राज्यशास्त्राचे जांभया देणारे सर उभे राहिले. मग बाई आमच्या पंगतीकडे वळल्या. "खाल्लं कोणी? सांगा कसं होतं."

शिपाई म्हणाला, "मीठ जरा कमी. पण मी दोनदा घेतलं."

बाबू म्हणाला, "नियमात बसते, मॅडम."

झाडणाऱ्या बाईंनी ताट उचलून दाखवलं. त्यात काही नव्हतं.

मग माझी पाळी. मी उभी राहिले आणि भलतंच बोलले. "मी सातवी झालेय."

"मी जेवणाचं विचारतेय."

"भात मोकळा आहे. भाजी आमच्या तोंडाला तिखट, पण वांगं शिजलंय आणि मोडलं नाही. मीठ कमी. दहात सात."

देविदासचा चेहरा पडला. माझे सात त्यानं आठवडाभर खाल्ले होते. मग मी कॉलेजात, शिकलेल्या बाईंसमोर, मोठ्यानं म्हणाले, "भीतीचे नाहीत हे. खरे सात आहेत."

बाईंनी लिहून घेतलं. 'माणसांच्या संख्येचं नियोजन' याखाली भोपळा, आणि चवीखाली सात. पास व्हायला तेवढे पुरले. प्राचार्यांना त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण देविदासचा विषय राहिला. तीन वर्षं तो हासत त्या तासाला गेला.

पदवी झाल्यावर त्याला चंद्रपूरकडं शाळेत गणिताच्या मास्तराची नोकरी लागली. स्टँडवर पोचवायला गेले. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाला, "काकू, तुम्ही कालेजात असत्या तं आवडीचा विषय कोणता घेतला असता?"

"मला काय विचारतोस रे."

"तुमालेच इचारतो."

कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. मी घरापर्यंत विचार करत आले. संगीत म्हणावं तर माझा आवाज घोगरा. भाषा म्हणाव्या तर इथली बोलीच अजून पुरती येईना. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. त्यावर 'भूगोल' एवढाच शब्द लिहिला, स्वतःचं नावही घालायला विसरले.

आठ दिवसांनी उलट कार्ड आलं. त्यावरही एकच शब्द होता. 'काऊन?'

आवडीचं कारण मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी तीन कार्डं आणली, दुपारी दार लावून लिहायला बसले. तिन्ही कार्डं भरली, पत्त्याच्या बाजूलाही थोडं लिहिलं, तरी मी अजून आमच्या गुहागरकडच्या खाडीपाशीच होते.