उन्हाळ्यातले ठोकळे

संस्थेत त्यांना सगळे ठोकळेबाई म्हणत. काँक्रीटचे ठोकळे साच्यात घालायचे, अठ्ठावीस दिवस हौदात भिजवायचे आणि मग मशीनखाली ठेवून ते किती भाराला फुटतात ते लिहायचं, हे काम त्या वीस वर्षं करत होत्या. घरी गेल्या की नवरा विचारायचा, "काय, आज किती फोडले?" हल्ली त्या नुसती पिशवी आपटत. डोकं आधीच उठलेलं असे.

डोकं उठायचं ते संस्थेच्या रीतीपायी. डायरेक्टरसाहेबांनी तरुणपणी शोधलेल्या, सिमेंटात राख घालून केलेल्या मिश्रणावर संस्थेचं नाव झालेलं. त्या मिश्रणाचा ठोकळा मनाजोगता फुटला की आकडा मुकाट रजिस्टरात जायचा. कमी भाराला फुटला की मात्र साचा वाकडा होता, पाणी जास्त झालं, बाईंचं लक्ष नव्हतं, असं काहीतरी निघायचंच. मग घाला नवा ठोकळा. तोही तसाच फुटला तर आणखी एक. आकडा साहेबांच्या सूत्राशी जुळला की चाचणी संपली! बरं, यात खोटं कुणीच बोलत नव्हतं, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट. मीटिंगमध्ये डझनभर डॉक्टरेटवाले साहेबांची री ओढत बसायचे, आणि ठोकळे फोडणाऱ्या बाईला त्या खोलीत खुर्ची नव्हती.

या वर्षी ते मिश्रण शाळांच्या इमारतींसाठी मंजूर व्हायचं होतं. भर उन्हाळ्यात घातलेल्या ठोकळ्यांतला दर पाचवा-सहावा कमी भाराला फुटतो, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. नुकत्याच रुजू झालेल्या एका संशोधक मॅडमना त्यांनी ते सांगितलं. मॅडम अजून घाबरायला शिकल्या नव्हत्या. त्या बाईंना घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

साहेब चिडले नाहीत. "बाई, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "कमी आलेले आकडे दाखवा. मंजुरी मी स्वतः थांबवतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. दोघींनी वीस वर्षांची रजिस्टरं काढून उन्हाळ्याची पानं उलटली. कमी भाराला फुटलेल्या प्रत्येक ठोकळ्यापुढे आकड्याच्या जागी नुसती रेघ होती, आणि शेरा: नमुना सदोष, पुन्हा घेतला.

"अहो, आकडा का नाही लिहिलात?" मॅडमनी विचारलं.

"सदोष नमुन्याचा आकडा लिहायचा नसतो," बाई पटकन म्हणाल्या. पहिली दोन वर्षं वरून सांगितल्यावर त्या रेघ ओढत. पुढे कुणाला सांगावंही लागलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

मॅडमनी हार मानली नाही. त्यांनी रेघा मोजल्या आणि साहेबांना नेऊन दाखवल्या. एकशे त्र्याऐंशी.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. "बाईंच्या हातून एवढे नमुने बिघडले? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

प्रत्येक रेघेपुढे सही बाईंचीच होती. मंजुरी ठरल्या दिवशी झाली, आणि ठोकळे फोडायचं काम दुसऱ्याकडे गेलं.