मणेर सरांनी मागितलेले पत्र

श्री. याकूब मणेर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत. पुण्यात तेव्हा रोज एखाद्या नव्या सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लागत होती आणि माझ्याकडे उद्योगाचे पान होते. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून हे गृहस्थ कार्बनचे काहीतरी करतात, एवढेच मला ठाऊक होते.

"म्हणजे तुम्ही धूर विकणार?" मी विचारले.

"न झालेला धूर," सर शांतपणे म्हणाले. "झालेला तुमच्या कचेरीखाली फुकट मिळतो."

मग त्यांनी मला सगळे नीट समजावून सांगितले. श्रीमंत देशातल्या एखाद्या कंपनीला आपला धूर पुरेसा कमी करता आला नाही, तर तिने आपल्यासारख्या देशात तेवढा धूर वाचवणाऱ्या कामाला पैसे द्यायचे आणि ती बचत स्वतःच्या नावावर मांडायची, अशी ती आंतरराष्ट्रीय व्यवस्था होती. अडचण कागदांची होती. अर्ज इंग्रजीत, तपासनीस परदेशी. मोठे कारखाने सल्लागार नेमत. खेड्यांना कोण विचारणार? खेड्यांसाठी ते काम सरांनी कर्वेनगरमधल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू केले. खडकीच्या कामगार वसाहतीत वाढलेल्या या माणसाला फॉर्मपुढे गोंधळलेली माणसे लहानपणापासून माहीत होती.

त्यांची एक पद्धत होती. अर्जाचे प्रत्येक पान ते गावात बसून मराठीत वाचून दाखवत आणि मगच सह्या घेत. वारज्याच्या पुढे, डोंगरापलीकडच्या एका गावात असे वाचन चालले असताना मी हजर होतो. गावाला घरोघरी गोबर गॅस हवा होता. बायकांच्या गटाच्या प्रमुख हौसाबाई ढेबे यांनी मध्येच विचारले, "सर, आमचा धूर कमी झाला म्हंजी तिकडं त्यांना जास्त करायला मोकळीक हाय का?"

दुसरा कोणी असता तर त्याने विषय बदलला असता. सर म्हणाले, "होय, तेवढी सूट त्यांना मिळते. मलाही ते फारसं आवडत नाही. पण तुमचे डोळे वाचतात, म्हणून मी आलोय."

"मग वाचा फुडं," हौसाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापर्यंत गावात गटाच्या वर्गणीतून दोन घरांत गॅस सुरू झालेला होता. बाकीची घरे या अर्जावर अवलंबून होती आणि हौसाबाईंनी स्वतःचे घर यादीत सर्वांत शेवटी लावून घेतले होते. निघताना मी त्यांना बातमीसाठी दोन शब्द बोलायला सांगितले. त्या म्हणाल्या, "कुनी नाय दिलं तरी आमी करनारच." आणि पुढे म्हणाल्या, "बोलायला काय लागतंय म्हना. तिसऱ्या घराला हात पोचत नाय आमचा."

कचेरीत परतलो तेव्हा पान छपाईला सोडायला वीस मिनिटे उरली होती आणि बातमी चार ओळींनी जास्त भरत होती. मी हौसाबाईंचे पुढचे बोलणे काढले आणि पहिल्या वाक्याचा मथळा केला. मथळा गाजला. संपादकांनी पाठ थोपटली.

या व्यवस्थेचा मुख्य नियम मात्र असा होता, की बाहेरची मदत मिळाली नाही तर हे काम होणारच नाही, हे सिद्ध करावे लागे. जे लोक आपले आपण करणारच आहेत, त्यांना कशाला मदत द्यायची? तपासनिसांनी सरांना विचारले, या कामाबद्दल कुठे काही छापून आले आहे का? सरांनी कपाटातून माझी बातमी काढून भाषांतरासह त्यांच्या हातात दिली.

"कशाला दिलीत?" मी नंतर त्यांच्या घरी विचारले.

"त्यांनी विचारलं. छापलेलं होतं," सर म्हणाले. "अहो, आता आपण एक पत्र द्या. बाई पुढं काय बोलल्या तेवढंच लिहा. दोन ओळी पुरतील."

मी म्हणालो, "बातमी बरोबर आहे सर. त्या तसंच बोलल्या होत्या."

"बोलल्या. त्याच्यापुढं बोलल्या, ते आठवतं का?"

"नाही," मी म्हणालो.

मला आठवत होते. वहीसुद्धा कचेरीत माझ्या टेबलाच्या खणात होती. पण त्या महिन्यात माझ्या बढतीचे चालले होते आणि मी वाक्य कापले हे लेखी द्यायची माझी तयारी नव्हती. सरांनी चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

अर्ज नामंजूर झाला. नव्याने तयारी होईपर्यंत आपल्याकडच्या बचतीची परदेशातली मागणीच ओसरली. हौसाबाई आता नाहीत. अखेरपर्यंत त्यांची चूल लाकडावरच पेटत होती.

पुढे नेपाळ, टांझानिया, लाओस अशा, जिथली बचत अजून विकली जात होती त्या देशांतली माणसे सरांकडे हे काम शिकायला येऊ लागली. अशाच एका वर्गात मी मागे बसलो होतो. अर्ज कुठे फसतात हे सांगताना सरांनी तीच बातमी पडद्यावर दाखवली. बातमीदाराच्या नावावर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. टांझानियाच्या एका तरुणीने विचारले, "हे लिहिणाऱ्याने नंतर खुलासा केला नाही का?" सर म्हणाले, "त्यांना घाई असते. खुलासा आधीच घेऊन ठेवायला हवा होता. चूक माझी." आणि त्यांनी पुढचे पान लावले. त्या तरुणीने वहीत बहुधा तसेच लिहून घेतले असेल.

तसे नव्हते. चूक माझी होती, आणि त्या दोन ओळी मी आज इथे लिहून देत आहे. हौसाबाई म्हणाल्या होत्या, की तिसऱ्या घरापर्यंत आमचा हात पोहोचत नाही. तपासनिसांच्या दृष्टीने याला आता काही किंमत नाही, हे मला कळते. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या स्वभावाबद्दल लिहायला सांगितले होते. मला या प्रसंगाइतका त्यांचा स्वभाव दाखवणारा दुसरा प्रसंग माहीत नाही. त्यांनी मला वाचवले, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली. हे त्यांनाही माझ्याइतकेच बोचत असणार.

मणेर सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. रोज सकाळी ते अजून टेकडीवर जातात आणि परत येताना माझ्या घराशी थांबून वर्तमानपत्रातल्या चुका सांगतात. त्यांचे गुडघे असेच चालत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, त्यांना निरोगी शंभरी लाभो. आणि हा लेख वाचून झाल्यावर, एका सकाळी तरी, त्यांनी माझ्या दाराशी थांबू नये.