सरपंच कोणाचा?

पूर आला की आम्हाला काम लागतं. लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. पक्षाचं काम करायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली आणि त्यात इतक्या पुरांसाठी मी मदतीचा डबा हलवलाय, की कोणता पूर कोणत्या साली ते आता सांगता येत नाही. साड्या मात्र आठवतात. कोकणातल्या पुराच्या वेळी आम्हा बायकांना एकसारखी साडी दिली होती, ती प्रत्येक धुण्यात रंग सोडायची.

या वेळी पाणी सोलापूरकडे आलं. सकाळीच कार्यालयातून फोन, "ताई, महिला आघाडीने कळव्यातल्या इमारती घ्या, कल्याणचं मार्केट आम्ही बघतो." म्हणजे एका फोनवर गोण्याच्या गोण्या तांदूळ देणारे घाऊक व्यापारी पुरुषांकडे आणि लिफ्ट बंद असलेले चार-चार मजले आमच्याकडे. माझ्या गुडघ्यांचं तिथे कोणाला काही पडलेलं नाही. बोलले असते तर "मग घरी बसा ताई" असं म्हणाले असते, आणि घरी बसायची मला भीती वाटते.

आम्ही चौघी दोन दिवस फिरलो. गळ्यात शेला, डब्यावर साहेबांचा फोटो. एक किराणावाला म्हणाला, "हंडीची झाली, गणपतीची झाली, नवरात्रीवाले कालच येऊन गेले, आता पुराची का?" पण दिले त्याने. लोक नावं ठेवतात आणि देतात. एका आजोबांनी दार अर्धंच उघडून विचारलं, "तिकडे पोचतं का हो खरंच?" मी म्हटलं, "पोचतं की." हे मी दरवेळी म्हणते.

तिसऱ्या दिवशी एक बाई स्वतःहून मला शोधत आली. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी तिचं पोळीभाजी केंद्र आहे. नवरा गेल्यावर एकटीने उभं केलेलं. तिचं माहेर नेमकं पुरात सापडलं होतं. म्हातारी आई गावातल्या शाळेच्या वरच्या मजल्यावर, अंगावरच्या लुगड्यानिशी. ही खोपटच्या स्टँडवर जाऊन एसटीची चौकशी करून आलेली, गाडी तालुक्यापर्यंतही जात नव्हती. मग तिने दोन दिवस केंद्र बंद ठेवलं आणि कडक भाकऱ्या केल्या. त्यांच्याकडे करतात तशा पातळ, वाळवलेल्या, कितीही दिवस टिकणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी. पुठ्ठ्याचे दोन मोठे खोके भरले होते.

"ताई, तुमचा ट्रक आमच्या गावाला जाईल का? आईला दात नाहीत, पण पाण्यात भिजवून खाती ती. आणि शाळेत सगळे आमच्या गल्लीतलेच हायत."

"जाईल ना, का नाही जाणार," मी म्हटलं आणि वही काढली. गाव, तालुका, शाळेत माणसं किती, सगळं लिहून घेतलं. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सरपंच कोणाचा?"

हा प्रश्न आमच्या अंगवळणी पडलाय. गावाचं नाव कानावर आलं की पुढचा प्रश्न हाच. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मी होणाऱ्या व्याह्यांनाही तो विचारला होता, त्यावरून ती मला अजून चिडवते. विचारण्यात हेतू काही नसतो. निदान मला तसं वाटायचं.

तिने सरळ दुसऱ्या पक्षाचं नाव सांगितलं. वर म्हणाली, "पण माणूस लई चांगला हाय ओ. आईला त्यानंच खांद्यावर घेऊन शाळेत नेलं." मी गावापुढे कंसात त्या पक्षाचं नाव लिहिलं. खांद्यावर नेल्याचं लिहायला वहीत रकाना नव्हता. संध्याकाळी यादी कार्यालयात दिली.

ट्रक भरून मैदानात दीड दिवस उभा होता, कारण स्टिकर छापून यायचे होते. साहेबांच्या फोटोशिवाय पिशवी हलत नाही. आले तेव्हा आम्हीच बसून चिकटवले. मग साहेब आले, नारळ फुटला, झेंडा दाखवून झाला, फोटो झाले. ती गर्दीच्या मागे टाचा उंच करून आपले खोके चढताना बघत होती. त्यांच्यावरही स्टिकर होते. "भाकऱ्या मी थापल्या आणि तोंड यांचं," ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. त्या चार-पाच दिवसांत मी तेवढीच हसले.

नंतर ग्रुपवर फोटो येऊ लागले. ती सकाळ-संध्याकाळ फोन करायची, "ताई, पोचला का?" मी म्हणायचे, रस्ते खराब आहेत, पोचेल. प्रत्येक फोटो मोठा करून मी मागच्या पाट्या वाचत होते. तिचं गाव कुठेच नव्हतं. चौथ्या दिवशी फोटो संपले आणि रिकामा ट्रक परत आला.

मी कार्यालयात गेले. तिथला प्रमुख माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने आधी चहा मागवला.

"अहो ताई, यादी तुम्हीच दिलेली ना? तुम्हीच लिहिलंय, सरपंच त्यांचा. मग तिकडे त्यांचे लोक वाटतील ना. आपण आपल्या गावांत देऊन टाकलं. एवढं काय लोड घेताय?"

तो वाईट माणूस नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला हाच पहिला धावत आलेला. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, तेवढ्यात त्याने कागद पुढे सरकवला. गावावर लाल पेनाने काट मारलेली आणि कंसातलं अक्षर माझं. मला माझी लाज वाटली. चहा तसाच ठेवून मी निघाले.

दुपारचे डबे गेल्यावर ती जरा मोकळी असते, म्हणून त्या वेळी तिच्याकडे गेले. काही लपवलं नाही. मी काय विचारलं, का विचारलं, कुठे लिहिलं आणि त्याचं काय झालं, सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. तिने मला चार शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

तिने गॅस बंद केला.

"म्हणजे माझ्या भाकऱ्या दुसऱ्या गावात गेल्या?"

"हो."

"आईकडे कोणीच नाही आलं अजून. त्यांचे पण नाही आले. सरपंचाच्या घरनं एक वेळचा भात येतो, बस."

ती कणकेची परात पुसत राहिली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग माझ्याकडे न बघता, परीक्षेत साधं उत्तर चुकल्यासारखं म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं ओ ताई, तुम्ही ते त्यासाठी विचारता. नाहीतर सांगितलं असतं, सरपंच तुमचाच हाय म्हणून. चुकलंच माझं."