इटलीतली दुपार आणि सातिवलीचं गेट

खोकं मी घरी आणलं ते वाचनालयात त्याला जागा नव्हती म्हणून. वसई गावातल्या एका कुटुंबाने बंगला विकायला काढला होता. त्यांची आत्या नन होती, बरीच वर्षं रोमला राहिली. ती वारल्यावर तिचं सामान परत आलं, त्यात हे खोकं. चाळीसेक पुस्तकं, सगळी इटालियनमधून इंग्रजीत आलेली, सगळ्या खुनाच्या गोष्टी. ननने खुनाच्या गोष्टी का जमवाव्यात हा प्रश्न आमच्या कार्यकारिणीने अर्धा तास चघळला. मग ठराव झाला की इंग्रजीला आपल्याकडे वाचक नाही, सबब ग्रंथपालांनी योग्य ती विल्हेवाट लावावी. ग्रंथपाल म्हणजे मी. रिक्षात घालून स्टेशनच्या पूर्वेला आमच्या फ्लॅटवर आणलं.

घरी एक वाचक रिकामा होता. सातिवलीला बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं करणारा एक कारखाना होता, त्यात हे सुपरवायझर. मार्चमध्ये एका सकाळी गेटला टाळं आणि टाळ्याशेजारी नोटीस. तीसेक माणसं रस्त्यावर. आत सहा मोल्डिंग मशीनं होती आणि सगळ्यांची आशा त्या सहा मशीनांवर होती. मशीनं आत आहेत तोवर कारखाना आहे, कोणीतरी तो चालवायला घेईल, नाहीतर मालकालाच उघडावा लागेल. मशीनं बाहेर गेली की उरतं नुसतं पत्र्याचं छप्पर. म्हणून गेटसमोर ताडपत्री बांधून पाळीपाळीने बसायचं ठरलं.

यांना सकाळची पाळी मिळाली. सोबत खोक्यातलं एक पुस्तक न्यायला लागले. इंग्रजी सावकाश वाचत, पेन्सिलीने अवघड शब्दाखाली रेघ मारत, आणि संध्याकाळी मला अर्थ विचारत. त्यामुळे मीही वाचू लागले. वाचनालय बारा ते चार बंद असे, तेवढा वेळ मला मिळायचा.

सगळ्या गोष्टी उन्हाळ्यातल्या. नेपल्स, पालेर्मो, बोलोन्या. शहर कुठलंही असो, उकाडा तोच. डांबर वितळतंय, दुकानांची शटरं खाली, लोक समुद्रावर गेलेले, आणि एक थकलेला पोलीस अधिकारी ओला शर्ट अंगाला चिकटलेला घेऊन रिकाम्या गल्लीतून चाललाय. पंखा बंद पडलेला. वरचे साहेब सुटीवर. खून बहुतेक दुपारी होतो, लाकडी झडपा लावून सगळं गाव झोपलेलं असताना. कोणी काही पाहिलेलं नसतं. शंभराव्या पानापर्यंत खुनी कोण ते कळतं, आणि उरलेली शंभर पानं त्याला हात का लावता येत नाही हे कळण्यात जातात. मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. आपल्याकडच्या रहस्यकथेत शेवटी बेड्या पडतात. इथे शेवटी तो अधिकारी कॉफी पितो आणि घरी जातो.

"हे कसलं डिटेक्टिव्ह?" मी म्हटलं.

"खरं डिटेक्टिव्ह," हे म्हणाले.

एप्रिलमध्ये यांनी वही केली. गेटसमोरच्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा, टेम्पोचा नंबर, वेळ, दिशा. अक्षर आधीच सुबक, त्यात पट्टीने रेघा मारलेल्या. ताडपत्रीखाली चेष्टा सुरू झाली. चिंचोटीचा एक ऑपरेटर होता, मोठं मशीन चालवणारा, तोंडाने फटकळ. मी एकदा डबा द्यायला गेले तर मला ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, साहेबांना इटलीला पाठवा. हितं पोलिसाला पन एवडं काम नाय."

"तिकडे घेतील का त्यांना?"

"घेतील ना. घाम गालायची सवय हाय."

सगळे हसले, हेही हसले. पण वहीत एक गोष्ट दिसायला लागली होती. एक निळा टेम्पो आठवड्यात तीनदा येऊन गेला होता. गेटपाशी वेग कमी करायचा आणि पुढे जायचा. तो मालकाच्या मेव्हण्याचा हे सगळ्यांना माहीत होतं.

बसण्याची पद्धत अशी होती: रात्री आठ-दहा जण, दिवसा दोघं-तिघं. यातल्या बऱ्याच जणांचे बाप-काका गिरणीत होते. लहानपणापासून त्यांनी ऐकलं होतं की मालक माल रात्री हलवतो. त्यामुळे रात्रीचा पहारा कडक, शिट्ट्या, टॉर्च, सगळं. दिवसाचा पहारा नावाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात यांना ऊन लागलं. गेटसमोर झाड नाही, पत्र्याची धग, प्यायचं पाणी टँकरचं आणि तेही कोमट. घरी आले ते भिंत धरूनच. दोन उलट्या झाल्या, अंग तापलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी मीच रिक्षा करून गेटवर गेले आणि ताडपत्रीखाली बसलेल्यांना सांगितलं, "बारा ते पाच इथे कोणी बसायचं नाही. माणूस मेला तर मशीन घेऊन काय करणार आहात? भर उन्हात कोण येतंय चोरी करायला?"

कोणी वाद घातला नाही. त्यांना कोणीतरी हे म्हणायलाच हवं होतं. चिंचोटीवाला म्हणाला, "बरोबर बोलल्या वहिनी. चोराला पन ऊन लागतं."

हे मी बोलले. तोवर खोक्यातली निदान पंधरा पुस्तकं माझी वाचून झाली होती.

बारा दिवसांनी झालं. हे घरी होते, खिडकीला ओलं पोतं बांधून त्याच्याखाली चटईवर पुस्तक वाचत. भारनियमन होतं. मी शेजारी डोळे मिटून पडले होते. साडेपाचला हे गेटवर गेले आणि सातला परत आले. चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मग म्हणाले, "नेली."

पुढच्या गेटचं टाळं तसंच होतं. मागची भिंत ट्रक जाईल एवढी पाडली होती. आत जमिनीत बोल्टांची भोकं, सहा ठिकाणी तेलाचे काळे चौकोन. पलीकडच्या पानवाल्याने सांगितलं की क्रेन एक वाजता आली आणि चारच्या आत सगळे गेले. "मला वाटलं तुमचंच काम चालू झालं," म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्याने हेही नाकारलं. त्याला त्याच गल्लीत धंदा करायचा होता.

लेबर ऑफिसात तक्रार गेली. मालकाने लिहून दिलं की मशीनं टाळं लावण्याआधीच विकली, नेली. म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे कामगार रिकाम्या शेडसमोर बसले होते. आता प्रत्यक्ष पाहणारा माणूस हवा होता. एका संध्याकाळी आठ जण आमच्या हॉलमध्ये आले. मी कोकम सरबत केलं. चिंचोटीवाल्यानेच विषय काढला.

"साहेब, वहीत त्या निल्या टेम्पोचा नंबर हाय. त्या तारखेला एक वाजता टाका."

"मी पाहिला नाही."

"आमाला म्हायत नाय का, कोनी नेली ते?"

"माहीत आहे. पाहिलं नाही."

"वही तुमची, अक्षर तुमचं. एक ओळ, साहेब. तीस घरं हायत."

यांनी वही मिटली. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती, मला माहीत नाही. मी म्हटलं, "लिहा. खोटं कुठे आहे ते? त्या वेळी तुम्ही तिथे नव्हता, एवढंच."

"अगं, मी इथे होतो. तुझ्याशेजारी."

"ते कोणाला माहीत आहे?"

"तुला," हे म्हणाले.

सरबताचे पेले मी उचलून नेले. माणसं उठली. जाताना कोणी यांच्याकडे बघितलं नाही.

सुनावणीला मीही गेले. अधिकारी सभ्य होता, टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. त्याने यांना विचारलं, त्या दुपारी तुम्ही कुठे होता. हे म्हणाले, "घरी. गेटवर कोणीच नव्हतं." तो म्हणाला, काय करत होता. हे म्हणाले, "पुस्तक वाचत होतो." लिहिणारा कारकून थांबला आणि त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी विचारलं, "हे लिहू द्यायचं का?"

"लिहा," हे म्हणाले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यांपैकी एक जण मोठ्याने म्हणाला, "वाचा अजून." एवढंच.

पुढे तारखा पडत राहिल्या. पहिल्या वर्षी वीस जण यायचे, मग सात, मग हे एकटे. त्याच शेडमध्ये दिवाळीपर्यंत टाइल्सचं गोदाम आलं. यांना वालिवला एका युनिटात स्टोअर सांभाळायचं काम मिळालं, सुपरवायझरचं नाही. चौथ्या वर्षी प्रकरण निकाली काढल्याचं पत्र आलं. यांनी सही करून घेतलं आणि फाइलला लावलं. त्या चार वर्षांत मी यांच्याशी बोलले ते गॅस संपला, लाइट बिल भरा, एवढंच. भांडले नाही. भांडायला काही नव्हतं. एक ओळ लिहायला सांगितली होती, ती लिहिली नाही. पुस्तकं माळ्यावर टाकली.

चिंचोटीवाला मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भेटला. तो रिक्षा चालवत होता. स्टेशनपासून बसले, आणि अर्ध्या रस्त्यात त्याने आरशात बघून विचारलं, "वहिनी ना?"

इकडचं तिकडचं झालं. मुलगी कामणला दिली, बायकोचे गुडघे गेले. मी गप्प बसायला हवं होतं, पण म्हटलं, "तेव्हा नंबर लिहिला असता तर बरं झालं असतं. तुम्ही सांगत होतात ते."

त्याने सिग्नल नसताना रिक्षा हळू केली. "काय बरं झालं असतं? मशीनं तर त्याच हप्त्यात कापली. हायवेच्या भंगारवाल्याकडं. मी स्वता बघून आलो, गॅसनं तुकडे करत होते. माजं मशीन मी नंबरच्या प्लेटवरनं वलखलं."

"मग तुम्ही घरी आलात तेव्हा..."

"तेव्हा म्हायत होतं."

"आणि तरी लिहायला सांगत होतात?"

"कायतरी करायला पायजे होतं ना, वहिनी. सात जन बसले होते माज्याबरोबर. त्यांना काय सांगनार होतो?"

बिल्डिंग आली. मी उतरले. हे गॅलरीत कपडे वाळत घालत होते, एक एक चिमटा तोंडात धरून. मला वरून बघितलं आणि हाताने विचारलं, दूध आणलं का. मी विसरले होते. तशीच परत रस्त्याकडे वळले आणि दूध आणायला गेले. चिंचोटीवाल्याने सांगितलेलं मी यांना अजून सांगितलेलं नाही. सांगून यांचं काही परत येणार नाही, आणि माझी चार वर्षं तर मुळीच नाहीत.