यादीच्या शेवटच्या चार ओळी

यंत्रानं घात केला, असं मी पुष्कळ दिवस सांगत फिरलो. सभेत सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, एकदा आमच्याच पत्रकात तसं छापलंही. ते खोटं होतं. यंत्रानं काही केलं नव्हतं. जे केलं ते मी केलं, भरदुपारी, पूर्ण शुद्धीत.

दुष्काळाचा तो उन्हाळा होता, त्र्याहत्तरचा. नगरमध्ये आमचा सात-आठ पोरांचा गट होता. कॉलेज संपलेलं, नोकरी नाही, डोक्यात राग. आमची सगळी दौलत म्हणजे एक सायक्लोस्टाईल यंत्र. भिंगारच्या बाजारात मिलिटरीच्या मोडीतून उचललेलं, हिरवा रंग उडालेलं, एक पाय तुटलेला म्हणून खाली वीट लावलेलं. मेणाच्या कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, लोखंडी टोकाच्या लेखणीनं अक्षरं कोरायची. स्टेन्सिलच्या माथ्याला जाड पुठ्ठ्याची पट्टी असते, तिला भोकं असतात. ती भोकं यंत्राच्या ड्रमवरच्या खुंट्यांत अडकवायची, हँडल फिरवायचं, की कोरलेल्या अक्षरांतून शाई पाझरून खालच्या कागदावर उतरते. आमच्या यंत्रानं शाई कागदावर कमी आणि आमच्या सदऱ्यांवर जास्त उतरवली. पण चालायचं.

पाथर्डीकडं एका माळावर खडी फोडण्याचं दुष्काळी काम चालू होतं. तिथं सुरुंग लावताना आधी ओरडून सांगायची पद्धतच नव्हती. एके दिवशी दगडाचा तुकडा उडून लुगड्याच्या सावलीत निजवलेल्या लेकरांमध्ये पडला. कुणाला लागलं नाही. पण बाया हातोड्या टाकून बसल्या. सुरुंगाआधी शिट्टी वाजवा, मग उठतो, म्हणाल्या. एवढंच मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी कारकुनानं त्या तेवीस जणींची नावं हजेरीपटावरून उडवली आणि 'स्वखुशीने काम सोडले' असा शेरा मारला. काम गेलं म्हणजे फक्त रोज गेला नाही. सुकडीचं, म्हणजे लेकरांसाठीच्या पौष्टिक पिठाचं, वाटप त्या कामावर, टँकरचं पाणी त्या कामावर. दुसरं काम होतं ते तीन कोसांवर, आणि तिथं नवी नावं घेत नव्हते.

मी एसटीनं गेलो, वही घेऊन. बाया बाभळीखाली बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीला सगळ्या आक्का म्हणत. पन्नाशीची, काळी, हडकुळी, उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं दगडानं गेलेली. दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतली ती जाणती बाई. मी वही उघडली आणि म्हणालो, "आक्का, तुमच्यापासून सुरू करू."

"माजं कशाला आधी?" ती म्हणाली. "ह्यांची लिव्ह. माजं समद्यात शेवटी."

"का?"

शेजारची एक हसली. "आक्काची रीतच हाय ती, दादा. टोळी निगाली की समद्यात मागच्या गाडीवर आक्का. कुनी मागं ऱ्हायलं का बगती. चूल इझवलेली बी तीच बगती."

"तू गप," आक्का तिला म्हणाली, आणि मला, "लिव्ह रं लेकरा. वाकडंतिकडं लिव्हू नको. कारकून लई वाकडं लिव्हतो."

मी लिहीत गेलो. शेवटून चौथी आणि तिसरी दोन म्हाताऱ्या होत्या, सवती, पण एकमेकींचा हात न सोडणाऱ्या. मग आक्काची सून, पोट पुढं आलेली, आठवा लागलेला. मग आक्का. प्रत्येक नाव लिहिताना ती माझ्या लेखणीकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. पण किती ओळी झाल्या ते तिनं बोटांवर धरलं होतं. शेवटी म्हणाली, "तेवीस. बरूबर."

परवा सकाळी माळावरच्या कामाच्या तपासणीला साहेब यायचे होते. मी नगरला आलो तो पत्रक डोक्यात रचतच. हजेरीपटात खोटी नावं घुसडणं हा त्या कामांवर रोजचा धंदा होता. आपण यादी दिली तर तिच्यातही कुणीतरी आपली चार माणसं घुसडणार, ही मला भीती. म्हणून मथळा असा कोरला, दोन बोटं उंच अक्षरांत: 'ही यादी पूर्ण आहे. हिच्यात एकही नाव घालू देणार नाही, एकही नाव गाळू देणार नाही.' मथळ्याचा मला फार अभिमान वाटला. मोठा दिसावा म्हणून तो स्टेन्सिलच्या अगदी माथ्याला, पट्टीला चिकटून सुरू केला. त्याखाली मागणी, त्याखाली तेवीस नावं. एका ओळीवर एक. आकडे घातले नाहीत. आकडे घातले की हजेरीपटासारखं दिसतं, असं माझं मत होतं.

स्टेन्सिल कोरून झाल्यावर वही मी आमच्यातल्या एकाजवळ दिली. तो संध्याकाळच्या गाडीनं पाथर्डीला पुढं गेला, बायांना परवा सकाळी जमवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हिरव्या यंत्राचा रबरी रूळ उन्हानं विरघळून ड्रमला चिकटला. सहा प्रती निघाल्या, सहाही काळ्याठिक्कर. हातात एक स्टेन्सिल होती, दुसरी नव्हती. पैसे असते तरी दुकानात नव्हती, त्या दिवसांत कागदाचीही ओढ होती.

माझा एक मित्र यंत्राचं हँडल मारायचा. तो म्हणाला, "कॉलेजच्या ऑफिसात नवं आलंय. तिथला कारकून माझ्या आत्याच्या गावचा आहे."

जेवणाच्या सुट्टीत गेलो. यंत्र खरंच नवं होतं, राखाडी, झाकण घातलेलं, हळदकुंकू लावलेलं. कारकुनानं डबा बाजूला सारला आणि आमची स्टेन्सिल उजेडाला धरली.

"हे कुठल्या काळातलं?"

"मिलिटरीतलं."

"तरीच. तुमच्या पट्टीला चार भोकं, आमच्या ड्रमला सात खुंट्या. पत्रिका जुळत नाही."

"नवी स्टेन्सिल द्या एक. पुन्हा कोरतो."

"मोजून ठेवलेल्या आहेत. एक कमी झाली तर तुम्ही मोर्चा काढाल, नोकरी माझी जाईल." तो भला माणूस होता. टोपलीतून एक वापरलेली स्टेन्सिल काढली, तिची सात भोकांची पट्टी ब्लेडनं कापून माझ्या हातात दिली. "तुमची जुनी पट्टी कापा, त्या जागी ही डिंकानं चिकटवा. नीट बसेल."

मी ब्लेड लावलं आणि थांबलो. मथळा पट्टीला चिकटून होता. जुनी पट्टी कापली असती तर अक्षरांचे माथे गेले असते, आणि डिंकात अर्धी ओळ बुडाली असती. 'ही यादी पूर्ण आहे' हे वाचताच आलं नसतं.

"मथळा जातोय," मी म्हणालो.

"मग मथळा बारीक करून खाली कुठंतरी लिहा," कारकून म्हणाला. "नावं महत्त्वाची ना?"

मी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की बाबूलोकांना काय कळतं. आम्हाला पत्रकाचं शिक्षण एका वाक्याचं मिळालं होतं: मथळा वाचला तर पत्रक वाचलं. मी जुनी पट्टी तशीच ठेवली आणि नवी तिच्यावर, वरच्या कडेला जोडली. म्हणजे सगळा मजकूर नव्या पट्टीच्या रुंदीएवढा, चांगला दोन बोटं, खाली सरकला. हे मला तेव्हा दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण खाली समासाला जागा सोडलेली आहे, असं मी धरून चाललो. जागा सोडलेली नव्हती. कागद वाचवायचा म्हणून मी तळापर्यंत कोरलं होतं.

मित्रानं हँडल मारलं. पहिली प्रत आली ती अशी, की आम्ही बघतच राहिलो. आमच्या हातून इतकं स्वच्छ कधी छापलं गेलं नव्हतं. मथळा खणखणीत. मित्र म्हणाला, "खाली बोटभर जागा उरली नाही रे."

"कागद वसूल झाला," मी म्हणालो.

शंभर प्रती काढल्या. एकही खालपर्यंत वाचली नाही. यादी मीच लिहिली होती, वाचायची कशाला?

तपासणीच्या सकाळी साहेबांची जीप आली तेव्हा बाया रांगेत उभ्या होत्या. मी पत्रक त्यांच्या हातात दिलं, जरा जोरातच दिलं. साहेब वाईट नव्हते, हे मला आज लिहिणं भाग आहे. त्यांनी पूर्ण वाचलं. हजेरी कारकुनाला विचारलं, "शिट्टी का वाजवत नाही?" तो काहीतरी पुटपुटला. साहेब म्हणाले, "या यादीतल्या सगळ्यांना आजपासून कामावर घ्या. मी नावं वाचतो, एकेक करून पलीकडं व्हा."

नावं वाचत गेले. बाई नावाला 'हाय' म्हणायची आणि हातोडी उचलून पलीकडं जायची. एकोणीस झाल्या. साहेबांनी कागद घडी केला.

अलीकडं चौघी उभ्या होत्या.

"ह्या राहिल्या साहेब," मी म्हणालो.

"यादीत नाहीत."

"आहेत. मी लिहिल्यात."

त्यांनी घडी उलगडून कागद माझ्यापुढं धरला. एकोणिसावं नाव कागदाच्या कडेला टेकलं होतं. त्याखाली कागदच नव्हता. मी म्हणालो, छापताना चूक झाली, वहीत आहेत, वही इथंच आहे. आदल्या दिवसांत पुढं आलेल्या आमच्या पोरानं वही पुढं केली. हजेरी कारकून बाजूलाच होता. त्यानं साहेबांच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं, मथळ्यावर, आणि सावकाश, शाळेतल्यासारखं वाचलं. "ही यादी पूर्ण आहे. हिच्यात एकही नाव घालू देणार नाही. साहेब, ह्यांचंच म्हणणं हाय. वहीत काय, काल रात्री बी लिव्हता येतं."

साहेबांनी कागद पुन्हा घडी केला. मग म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय. आज चार घातली तर उद्या हा कारकून चाळीस घालेल, आणि तुम्हीच पत्रक काढाल. मी वर कळवतो." जीप गेली. वर काय कळवलं, कुणाला, ते आजवर आम्हाला कळलेलं नाही.

पलीकडच्या बाया हातोड्या धरून तशाच उभ्या. एकजण परत यायला निघाली. आक्का म्हणाली, "कुटं येती? बस कामाला. समद्या बसा. आमच्यापायी तुमची गेली तर मंग काय केलं ह्ये समदं?"

त्या बसल्या. हातोड्यांचा आवाज सुरू झाला.

मग तिनं मला विचारलं, रागानं नाही. "दादा, म्या बगितलं हुतं तुला लिव्हताना. तेवीस हुती. आमची कुटं गेली?"

मी सांगितलं. जुनं यंत्र, नवं यंत्र, चार भोकं, सात खुंट्या, पट्टी, मथळा. बोलता बोलता मला कळत होतं, की मी समजावून सांगत नाहीय, सुटका मागतोय. तिनं सगळं ऐकून घेतलं. दोन्ही म्हाताऱ्या खाली बसल्या होत्या. सून पोटाखाली हात धरून उभी होती.

"मंजी," आक्का म्हणाली, "जुन्या गाडीचं जू नव्या गाडीला बसंना, म्हनून तू बैल सोडून दिलं आन् रंगीत दांडी तेवढी घेऊन आला."

पलीकडून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"मी दुसरं पत्रक काढतो आक्का. चार दिवसांत."

"काढ," ती म्हणाली. "पर आमी चार दिस कशावर बसू?"

पत्रक काढायला मला अकरा दिवस लागले. स्टेन्सिल मिळेना. या वेळी मथळा बारीक होता आणि नावांना आकडे होते, एक ते चार. ते घेऊन मी माळावर गेलो तेव्हा त्या चौघी नव्हत्या. तीन कोसांवरच्या कामावर जाऊन बघितलं, त्यांना घेतलं नव्हतं. कुणी म्हणालं गोदावरीच्या कडेला कालव्याचं काम आहे तिकडं गेल्या, कुणी म्हणालं पार औरंगाबादेकडं. चालत. सून वाटेत बाळंत झाली आणि मूल राहिलं नाही, हे मला पावसाळ्यानंतर कळलं. धाकटी म्हातारी गेल्याचं त्याहून नंतर.

त्या दिवशी मी माळावरच्या बायांना विचारलं, आक्का जाताना काही म्हणाली का. खडी फोडता फोडताच एक म्हणाली, "म्हनायचं काय? सुनंला पुढं घातलं, म्हाताऱ्या मधी, आन् आपुन मागं." सुरुंगाची शिट्टी वाजली. बाया उठून लेकरांकडं पळाल्या, आणि मी हातात शंभर कागद धरून त्यांच्यामागं पळालो.