डावा मी काढला

दादा गेल्याचं वहिनीनं सांगितलं तेव्हा मी मोरीत त्याचा शर्ट घासत होते. पाच दिवस भिजत घातला होता, तरी बाहीतलं रक्त सुटत नव्हतं. वहिनी किंचाळली, "शोभा, टाक तो! आता कुणासाठी धुतेस?"

माझा थोरला भाऊ मशीनच्या कंट्रोलचे डबे बनवायचा. लिस्प नावाची एक जुनी कॉम्प्युटरची भाषा आहे, तिची छोटीशी आवृत्ती त्यानं स्वतः लिहिली होती. कुठल्याही मशीनच्या डब्यात बसेल एवढी लहान. तिच्यात कंसच कंस. शब्द मात्र मराठी, आम्हा कामगार बायकांना वाचता यावेत म्हणून. रविवारी विक्रोळीच्या घरी तो माझ्यापुढे कागद टाकायचा. "शोभे, कंस मोज गं."

"कॉम्प्युटर मोजत नाही का?"

"मोजतो. पण चहा करत नाही ना!"

मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नाही. पण त्या कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "इथे एक कमी आहे, दादा."

अंधेरीच्या एका गाळ्यात मी प्रेस मशीनवर बिजागऱ्या काढते. शेजारच्या सुमनची डाव्या हाताची तीन बोटं माझ्यासमोर तुटली, चपटी होऊन मालासोबत ट्रेमध्ये पडली. दादाला कळलं तसा तो धावत आला आणि सुपरवायझरचं डोकं त्यानं मशीनच्या खांबावर आपटलं. सुमनचा अपघात पोलिसांपर्यंत जाऊ नये म्हणून शेठनं त्याला डबे बसवू दिले. त्यातली एक ओळ मला पाठ होती.

(जर (दोन्ही डावा उजवा) (पाड))

दोन्ही हात बटणांवर असतील तरच प्रेस पडेल. म्हणजे हात खाली सापडणारच नाही. मशीन चालू असतानाही डब्याच्या पडद्यावर ओळ बदलता यायची, त्याचं त्याला फार कौतुक.

सुमन परत कामावर आली. डावं बटण दाबलं की उरलेल्या खुंटांतून तिला कळ यायची. सुपरवायझर म्हणायचा, "जमत नसेल तर घरी बस." ती माझ्यापाशी रडली. "तुला येतं ना ते? काढ तो डावा. माझी वाट लागेल गं."

मी काढला. (जर उजवा (पाड)). कंस मोजले, बरोबर होते. मशीन क्षणभरही थांबलं नाही. मला अभिमान वाटला… खरंच वाटला. रविवारी दादाला सांगणार होते.

दुसऱ्याच दिवशी सुमनच्या मशीनमध्ये तुकडा अडकला. तो काढायला आलेल्या दादानं माझ्या डाव्या हातात टॉर्च दिली. "धर. तुझा एक हात इथे आहे तोवर हे पडूच शकत नाही." त्यानं हात आत घातला. उजेड नीट पडावा म्हणून मी वाकले, तोल जायला लागला म्हणून उजवा हात टेकला. तो उजव्या बटणावर पडला.

दादाच्या हाताचं कोपरापर्यंत काही उरलं नाही. त्यानं आधी डब्याच्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये विचारेल त्याला एकच सांगत होता, "माझीच चूक." ओळीचं मी कुणाला सांगितलं नाही.

तेराव्यानंतर कळलं, शेठ सगळे डबे काढून भंगारात देतोय. सुपरवायझर म्हणाला, "त्याची भाषाच त्याला खाऊन गेली." त्या संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. तिनं माझ्या तोंडात मारली, मग पुन्हा मारली. ओठ फाटला. मग म्हणाली, "चल गाळ्यावर."

सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ओळ मी बदलली होती. दादाची चूक नाही."

सुपरवायझर हसला. "चौथी पास बाई कोड बदलणार?"

मी सुमनच्या मशीनपाशी गेले. डब्यावर 'दोन्ही' आणि 'डावा' परत लिहिलं, कंस बंद केला. मशीन चालू केलं आणि माझा डावा हात प्रेसखाली ठेवला. "दाबा आता. उजवं."

तो मागे सरकला. शेठही पुढे आला नाही. सुमननं तोंड झाकून घेतलं.

वहिनी पुढे आली. तिनं उजवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा त्यावर मूठच आपटली.

माझा हात तिथेच होता, सगळी बोटं पसरून.