बांगडो गावलो!

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज राहवत नाहीये. सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम पुन्हा सुरळीत चालू झाला!

माझा मोठा भाऊ, दादा, वारला त्याला पाच महिने झाले. कुडाळच्या ऑफिसात त्याचं काम आता मी बघतो. एकाच मशीनवर त्याने चार व्हर्च्युअल लिनक्स सर्व्हर उभे केले, त्यांना माशांची नावं दिली आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा मॉनिटरिंग डेमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम, बसवला. गेल्या आठवड्यात मी सर्व्हरची यादी नव्याने लिहिली आणि डेमन सुरू होताच बंद पडायला लागला. आज सकाळी साहेब म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर हे काढून दुसरं बसवू."

दुपारी पिंगुळीला घरी जेवायला गेलो. ताटातला मासा नुसता चिवडत बसलो.

आई म्हणाली, "जेवणस नाय कित्याक रे?"

"कॉम्प्युटर म्हणता, बांगडो गावणा नाय."

"मगे तुझ्या ताटात आसा तो काय?"

मी उठून हात धुतलेच. बांगडो! दादाने सर्व्हरला घरच्या मालवणी बोलीतलंच नाव दिलं होतं. मी मात्र ऑफिसचं काम म्हणून यादीत शुद्ध 'बांगडा' लिहिला होता. 'यादीत bangdo सापडत नाही' ही एरर आठवडाभर वाचली, पण त्या इंग्रजी अक्षरांतला शेवटचा 'ओ' मला 'ए'च दिसत होता.

ऑफिसात परत येऊन यादीतलं एक अक्षर बदललं. स्क्रीनवर चारही सर्व्हरच्या ओळी हिरव्या!

आईला फोन केला, "गावलो गो आये!" ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

दादाची मांडणी आता तशीच राहणार. तुमच्या माणसाचा एखादा शब्द तुम्हीही असा नकळत 'शुद्ध' केला आहे का?